ती कुणाकडची?

१२ जुलै

भिजले. पार आतपर्यंत! बूट दारात उलटे करून ठेवलेत, त्यातून अजून पाणी गळतंय.

पण काय लग्न झालं! सकाळपासून नुसता कोसळत होता. हॉल एकीकडे, गाड्या लांब दुसरीकडे, मधे चिखल. छत्र्या उलट्या होतायत, बायका कपडे गुडघ्यापर्यंत धरून पळतायत, आणि नवरी पोट धरून हसतेय. तिने ठरवतानाच सांगितलं होतं — ‘मला उभं करून, हसा म्हणून काढलेले फोटो नकोत. जे होईल ते काढा.’ असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

जे झालं ते काढलं. नवऱ्याच्या चष्म्यावर वाफ धरली आणि तो भलत्याच बाईचा हात धरून उभा राहिला, ते काढलं. नवरीचे मामा — सगळं लग्न त्यांच्याच अंगावर — डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून जनरेटरशी भांडत होते, तेही काढलं.

नवरीचे वडील मात्र चौकटीत आले की फोटो मरतो. ओरडत नाहीत, कुणाला काही म्हणत नाहीत. येऊन नुसते उभे राहतात. आणि आसपासच्या सगळ्यांचे खांदे वर जातात. नवरीच्या आईचे तर कानांपर्यंत. मी लांबून, लेन्समधून बघते म्हणून कळतं. जवळच्यांना ते रोजचंच असणार.

माझ्या धाकट्या भावाने व्हिडिओ केला. आता तापाने फणफणलाय.

१३ जुलै

कॅमेऱ्याची कार्डं कोरडी आहेत! सगळे फोटो उतरले. जीव भांड्यात पडला.

१५ जुलै

निवडायला बसले. पायऱ्यांवरचा फोटो. नवरी वर चढतेय, मान मागे टाकून हसतेय. वर्षातला माझा सगळ्यात चांगला फोटो, यात शंकाच नाही.

तिच्या मागे एक बाई आहे. करडा रेनकोट, टोपी मागे पडलेली, केस ओले, कपाळावर एक पांढरी बट. भुवईवर जुनी खूण. खाली वाकून तिने नवरीच्या कपड्यांची कड दोन बोटांत धरलीय — चिखल लागू नये म्हणून. नवरीला पत्ताच नाही.

छान क्षण. कुणाची तरी मावशी असेल म्हटलं. पुढे गेले.

मग ती खिडकीबाहेर. काचेला तळवे टेकून आत बघतेय. मग जेवणाच्या हॉलमध्ये, भिंतीशी. मग वाद्यवाल्यांच्या मागे. आणि इतक्या गर्दीत एकाचाही डोळा तिच्यावर नाही. एकाही फोटोत नाही. लोक तिच्या शेजारून जातायत, तिच्या खांद्यावरून हात लांब करून ग्लास उचलतायत.

आणि मला ती आठवत नाही. बटण माझ्याच बोटाने दाबलं ना? मग?

१६ जुलै

नवऱ्याच्या बहिणीला फोटो पाठवला. लगेच फोन आला. ‘नाही हो, ही आमच्याकडची नाही. नवरीकडची असणार.’

मग व्हिडिओ काढून बसले. नवरीच्या खोलीचं दार उघडतं. नवरीची आई दाराकडे बघते, आणि तिचा चेहरा असा सैल होतो, की दिवसभरात तसा झाला नव्हता. दार बंद होतं. आत कुणी आलेलं नाही.

त्याच क्षणाचा माझा फोटो आहे, पलीकडच्या खिडकीतून काढलेला. त्यात दारात ती उभी आहे.

भाऊ पांघरुणातून म्हणाला, ‘ताई, मी खांबामागे होतो. मला दार अर्धंच दिसत होतं.’ खरंच असेल. पण मग म्हणाला, ‘तो फोटो आता बंद कर ना.’

१७ जुलै

एक लक्षात आलं. वडील ज्या फोटोत आहेत, त्यात ती नाही. ते चौकटीतून गेले की ती आहे. पुन्हा पुन्हा तपासलं. एकदाही दोघं एकत्र नाहीत.

१९ जुलै

मामा दुकानात आले, अल्बमचे फोटो ठरवायला. जनरेटरवाला फोटो बघून स्वतःवरच हसले. ‘काय ध्यान दिसतोय मी!’ म्हटलं, आता विचारावं. पायऱ्यांवरचा फोटो उघडला.

‘मामा, या कोण?’

हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. खुर्ची चाचपत खाली बसले.

‘हे कुठलं?’

‘तुमच्याच लग्नातलं.’

‘ही आमची थोरली. नवरीची बहीण.’

‘अहो, मग तेव्हाच सांगायचं नाही का? दोघी बहिणींचा मस्त फोटो—’

‘ताई, ती नाहीये.’ चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, ‘पाण्यात गेली. पूर होता. धाकटी तेव्हा बोबडं बोलायची, तिला ही आठवतसुद्धा नाही. आम्ही नदीकाठ पालथा घातला. काही हाती लागलं नाही.’ त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही. ‘ही खूण झोपाळ्यावरून पडली तेव्हाची. टाके घालायला मीच नेलं होतं.’

चहा तसाच ठेवून गेले. फोटो ठरवायचे राहिलेच.

पण ती पांढरी बट? गेली तेव्हा मुलगी कॉलेजात होती म्हणे. मेलेल्यांचे केस पिकतात का?

२० जुलै

दुकानातले सगळे दिवे दिवसभर चालू ठेवले. लिहिताना हसू येतंय. तरी उद्याही ठेवणार.

२२ जुलै

नवरीची आई आली. एकटी, भर पावसात. मामांनी सांगितलं असणार. ‘दाखवा,’ एवढंच म्हणाली.

दाखवले. मला वाटलं रडेल, घाबरेल, खाली कोसळेल. पाण्याचा ग्लाससुद्धा भरून ठेवला होता. पण ती नुसती बघत राहिली. सासरहून आलेल्या मुलीकडे बघावं तशी — काय घातलंय, वाळलीय का.

‘दर पावसाळ्यात येते ती,’ म्हणाली. ‘कुणाला दिसत नाही. तुमच्या कॅमेऱ्याला कशी दिसली कोण जाणे.’

मी पटकन फोटो बंद केला.

‘ह्यांनी बघायच्या आत काढून टाका तिला. सगळ्या फोटोंतून.’

‘नवरीला एकदा विचारते—’

‘नाही!’ केवढ्याने ओरडली! मग माझा हात धरला. तिचा हात गार होता. ‘काढून टाका, बाळा. मूळ फोटोही पुसा. तुम्हाला मुलगी असेल तर तिची शपथ.’

मुलगी नाही मला. तरी हो म्हटलं.

जाताना दारातून परत फिरली. पायऱ्यांवरचा फोटो पुन्हा उघडायला लावला. ‘धाकटी लहान असतानाही अशीच तिच्या मागे मागे असायची,’ म्हणाली.

२४ जुलै

पुसतेय. जिथे ती होती तिथे भिंत भरते, पाऊस भरते, दुसऱ्याच कुणाची पाठ भरते. ‘जे होईल ते काढा’ म्हणाली होती नवरी. आणि मी जे झालं तेच काढून टाकतेय.

पायऱ्यांवरचा फोटो जमेना. बाई गेली. पण कपड्यांची कड हवेत तशीच उचललेली. खाली कुणी नाही. बघवेना. तो फोटो अल्बममधून काढला.

मूळ फोटो मात्र पुसले नाहीत. बोट बटणावर ठेवून बसले. नाहीच झालं.

२ ऑगस्ट

अल्बम न्यायला स्वतः वडील आले! नवरी येणार होती.

उभ्या उभ्याच एकेक पान उलटलं. सावकाश. नवऱ्याच्या चष्म्याच्या फोटोला सगळे हसतात, हे हसले नाहीत. शेवटचं पान मिटलं.

‘एवढेच?’

‘हो.’

‘आमचे मेहुणे म्हणत होते, कुणीतरी दिसतंय फोटोत.’

मामा! पोटात ठेवता आलं नाही ना तुम्हाला.

‘लेन्सवर पाणी होतं,’ मी म्हटलं. ‘त्यात काहीही दिसतं.’

‘मूळ फोटो बघायचेत.’

‘पुसले.’ माझेही खांदे वर गेलेले, हे तेव्हा कळलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काचेतून रस्त्याकडे. छत्र्या येत-जात होत्या, त्यातली एकेक नीट बघितली. अल्बम काखेत मारला आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘दिसली, तर मला कळवा.’

‘कोण?’

छत्री उघडून निघून गेले.

बुडून मेलेल्या मुलीबद्दल कुठला बाप असं बोलतो? दिसली तर?

३ ऑगस्ट

दुकान उघडलं नाही.

११ नोव्हेंबर

मामांचा निरोप. नवरीचे वडील वारले. झोपेतच. एका ओळीचा निरोप, त्यापुढे काही नाही.

२९ नोव्हेंबर

कडक ऊन. दुपारी दुकानाचं दार ढकलून नवरीची आई आत आली, आणि तिच्या हाताला धरून — ती. भुवईवर खूण, कपाळावर पांढरी बट. उन्हात उभी, पायाशी सावली. मला म्हणाली, ‘घाबरू नका हो,’ आणि स्वतःच घाबरल्यासारखी हसली.

‘मेली नव्हती ही,’ आई म्हणाली. ‘हिचं कॉलेजात एकाशी जमलंय हे कळल्यावर ह्यांनी हिला जिवंत ठेवलं नसतं. पूर आला त्या दिवशी मीच हिला बसमध्ये बसवून दिलं, आणि घरी येऊन रडत सांगितलं, पोर वाहून गेली.’

तिने बाहेर बोट दाखवलं.

‘धाकटी गाडीत बसलीय. फोटो काढायचाय एवढंच सांगून आणलंय तिला. कुणाबरोबर, ते सांगितलं नाही.’

गाडीचं दार वाजलं.