एक ओवी मागे

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. खानावळीत बोलायला कुणी नसतं, म्हणून पटकन उरकतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

रोज सकाळी दोघांनी पोथीतली एकाच आकड्याची ओवी वाचायची, हे आपलं ठरलेलं. पण तू पत्रात उतरवलेली दोनशे बारावी ओवी माझ्याकडे दोनशे तेरावी निघाली! माझी पोथी छापणाऱ्या शहाण्याने सुरुवातीच्या नमनालाही आकडा दिलाय. म्हणजे सात महिने आपण एकत्र वाचतच नव्हतो. फार एकटं वाटलं गं.

तरी आकडा बदलू नकोस. काल तू जिथे बोट ठेवलंस, तिथे आज मी ठेवतो. जागा अजून उबदार लागते.

तुझा,
धाकटा