न मोजलेले दिवस

प्रिय ब्रिटा,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. परक्या देशावर सैन्य धाडण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षाने विधिमंडळाची संमती घेतलीच पाहिजे. आणि ती घेतली जात नाही याचा मोठा दोष न विचारणाऱ्याकडे नसून, आपल्याला विचारले गेले नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांकडे आहे. विधानाचा उत्तरार्ध तुला बोचेल, कारण तू त्याच सभागृहात बसतेस आणि परवा, गुरुवारी, तुला तिथे मत नोंदवायचे आहे.

हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर मी वकिली करतो. रविवारी केली तशीच. मार्लिस म्हणते, माझा भाऊ मीठ मागण्याआधी मिठाची व्याख्या करतो. तुझ्या आईचे हे निरीक्षण अचूक आहे. कागदावर निदान खोडता तरी येते. ती बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तरी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला पन्नास जणांचे बटाटे तिनेच सोलले. तळ्यावर अजून दोन बोटेसुद्धा बर्फ धरलेला नाही. तरी शेजारच्या ऑर्विलने गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची खोपटी काठावर आणून ठेवली आहे. एवढी घाई कशाला, असे विचारले तर म्हणाला, “बर्फ धरला की जागा मिळत नाही, एल्डन. तू वॉशिंग्टनला होतास, तुला काय कळणार.” एकतीस वर्षे तिथे नोकरी केली, निवृत्त होऊन मिनेसोटात परतलो त्याला नऊ वर्षे झाली, टोमणा मात्र तोच.

आता मुद्द्यावर येतो. अठरा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्षांनी समुद्रापलीकडच्या त्या किनाऱ्यावर विमाने पाठवली, आणि तुम्हाला ते दुसऱ्या दिवशी पत्राने कळवले. तुमच्यापैकी काहींनी सैन्य परत बोलावण्याचा ठराव मांडला आहे. कायदा सांगतो की असा ठराव समितीने पंधरा दिवसांत परत करावा आणि पुढच्या तीन दिवसांत त्यावर मतदान व्हावे. गुरुवारी तुमच्यापुढे येणार आहे तो मात्र हा ठराव नव्हे, तर अधिवेशनाच्या कामकाजाचा ठराव. आणि त्याच्या चौथ्या पानावर एक ओळ आहे की या कायद्यापुरते, वर्षअखेरपर्यंतचे दिवस हे दिवस म्हणून मोजले जाणार नाहीत. पंधरावा दिवस उगवणारच नाही, मग मतदान कसले? तू मला रविवारी सांगितलेस की पक्षाची मते गोळा करणारा तो डेल्बर्ट तुझ्या दारात उभा राहून म्हणाला, “अगं, हा नुसता कामकाजाचा ठराव आहे. युद्धावर मत द्यायला तुला कोण सांगतंय?” कामकाजाच्या ठरावावर आपल्या पक्षाविरुद्ध जायचे नसते, हा तिथला जुना शिरस्ता. तू होकार दिलास. नकार दिला असतास तर शेतीच्या समितीतली तुझी जागा गेली असती, आणि तुझ्या मतदारसंघातल्या गोठ्यांना त्या जागेची गरज आहे. तू मला विचारलेस, “मामा, मी बरोबर केलं ना?” मी म्हणालो की दिलेला शब्द पाळावा; नव्या सदस्याजवळ दुसरे भांडवल नसते.

प्रथम पूर्वपक्ष मांडतो, आणि प्रामाणिकपणे मांडतो. राष्ट्राध्यक्षाला जे रात्रीत कळते ते तुम्हाला आठवड्याने कळते. शत्रू अधिवेशनाची वेळ पाहून येत नाही. सव्वापाचशेहून अधिक माणसांच्या पोटात गुपित राहत नाही. आणि ज्याच्या टेबलावर रोज मृत्यूच्या शक्यतांचे कागद येतात, त्याला ‘थांब, आधी चर्चा करू’ असे सांगणे त्या टेबलापासून दूर बसलेल्याला सोपे जाते. मी त्या खुर्चीवरच्या माणसाचा द्वेष करत नाही. ज्या ज्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात मी नोकरी केली, त्यांतला प्रत्येक जण खुर्चीवर असताना झपाट्याने म्हातारा झाला.

हे सगळे मान्य करूनही उत्तर शिल्लक राहते. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, गावच्या अग्निशमन पथकाचे प्रमुख होते. घराला आग लागली की ते कोणाची परवानगी विचारत नसत, आणि विचारायलाही नको. पण एका कोरड्या उन्हाळ्यात त्यांनी शेजारच्या गावच्या हद्दीत जाऊन एक ओसाड धान्यकोठार स्वतः पेटवून दिले. वणवा आलाच तर तिथून येईल, असा त्यांचा हिशेब होता. वणवा आला नाही. त्यांच्या अंदाजावर मला टीका करायची नाही. मला आठवते ती त्यानंतरच्या मार्चमधली गावसभा. तिथे या गोष्टीवर एकानेही तोंड उघडले नाही. आईने घरी येऊन विचारले तेव्हा वडील म्हणाले, “त्यांना बरंच वाटलं गं. चांगलं झालं असतं तर सगळ्यांचं, वाईट झालं असतं तर माझ्या एकट्याचं.” आग विझवणे आणि आग लावणे यांतला भेद तिथे कोणाला कळला नव्हता असे नाही. तो बोलून दाखवणे कोणाला परवडत नव्हते.

म्हणून संमती ही राष्ट्राध्यक्षाच्या पायातली बेडी आहे, हे मी मानत नाही. ते बाकीच्यांच्या गळ्यातले लोढणे आहे. मत मागितले गेले की प्रत्येकाला आपले नाव लिहावे लागते, आणि मग त्याच्या मतदारसंघात एखादी शवपेटी परत आली तर त्याला त्या घरी जाऊन सांगावे लागते की हो, मी होकार दिला होता, आणि का दिला होता. युद्ध योग्य होते की अयोग्य, हा निराळा प्रश्न. ज्याच्यासाठी कोणीच नाव लिहिले नाही, ते युद्ध कोणाचेच नसते. आणि कोणाचेच नसलेल्या गोष्टीत मेलेल्या माणसाचे कोणी काय करावे?

सोरेनबद्दल आपण तिघे फार बोलत नाही. त्याला जाऊन चौदा वर्षे झाली. त्या शरदातही एक कारवाई चालू होती, तीही न विचारता सुरू झालेली, आणि तुझा भाऊ इतर विमानांना हवेत इंधन देणाऱ्या विमानावर होता. मार्लिसला आलेल्या पत्रात ‘सहाय्यक उड्डाण’ असा शब्द होता. लढाई म्हटले असते तर कायदा लागू झाला असता. तिने ते पत्र दोनदा वाचले आणि मला विचारले, “एल्डन, हे लोक म्हणतायत तरी काय? तो लढायला गेला होता की नाही?” मी शब्दाचा अर्थ सांगितला. अर्थ बरोबर होता.

त्या वर्षीही सैन्य परत बोलावण्याचा ठराव मांडला गेला होता, हे तुला माहीत आहे. मतदान झाले नाही, हेही. का झाले नाही, ते सांगतो. कामकाज ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेव्हा वेंडेल स्ट्राउड होते. भला माणूस, दिवसभर उभे राहून पाय सुजत, म्हणून संध्याकाळी टेबलाखाली बूट काढून बसत. त्यांच्या पक्षातले एक्केचाळीस सदस्य घाबरलेले होते. युद्धाला होकार द्यावा तर घरचे मतदार चिडणार, नकार द्यावा तर राष्ट्राध्यक्ष. स्ट्राउड आपल्या कायदेशीर सल्लागाराला म्हणाले, “मला खोटं काही नकोय. फक्त थोडा वेळ हवाय.” सल्लागाराने वीस मिनिटांत एक ओळ लिहून दिली. नऊ ऑक्टोबरपासून एकतीस डिसेंबरपर्यंतचे दिवस, त्या कायद्यापुरते, दिवस नाहीत. नियमांत पूर्ण बसणारी, निर्दोष ओळ. स्ट्राउड हसून म्हणाले की सूर्य थांबवायला पूर्वी देव लागायचा. कामकाजाचा ठराव दुपारी मंजूर झाला. चौथे पान कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही. गुरुवारच्या ठरावातली ओळ तीच आहे. फक्त तारखा बदलल्या आहेत.

ब्रिटा, तो सल्लागार मी होतो.

दफनानंतर चर्चच्या तळघरात तू माझ्या शेजारी बसली होतीस. ताटातल्या सँडविचला हात लावला नव्हतास. तू विचारलेस, “मामा, यावर मतदान झालं होतं का?” आणि मी म्हणालो, “दिवस भरले नव्हते.” त्याच उत्तराने तुला राजकारणात आणले, असे तू तुझ्या पहिल्या सभेत म्हणालीस, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ते उत्तर ही चूक नव्हती, कारण ते मी जाणूनबुजून दिले. त्याची क्षमा तुझ्यासमोर बसून मागेन, आणि मार्लिसचीही. तिला मी उद्या सकाळी सांगणार आहे, हे पत्र रातोरातच्या टपालाने तुझ्या हातात पडेल त्याच वेळी. मतदान झाले असते तर सोरेन वाचला असता, असेही मी म्हणत नाही. ते सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी तुझ्या खांद्यावर ठेवणार नाही. ठराव नामंजूरही झाला असता. पण मग तुला कोणाच्या तरी दारात जाऊन जाब विचारता आला असता. रविवारी तू विचारलेस तेव्हा हे सांगायचे सोडून मी तुला शब्द पाळायला सांगितले. तो सल्ला मागे घेतो. तो तुझ्या हितासाठी नव्हता, माझी ओळ झाकण्यासाठी होता. युद्धावर तू कोणते मत द्यावेस, हे सांगायचा अधिकार मला नाही. कदाचित ही कारवाई योग्यही असेल. फक्त मत देण्याचा दिवस उगवू दे. जागा गेली तर तुझ्या गोठेवाल्यांपुढे मी स्वतः उभा राहीन आणि का गेली ते सांगेन.

चूक एकच, आणि ती सहीनिशी कबूल करतो: युद्धावरचे मतदान टाळणारी ओळ लिहिताना मी समजत होतो की मी युद्धावर मत देत नाही. सोरेन गेला तो दोन डिसेंबर सभागृहाच्या लेखी दिवस नव्हता. तसे मी ठरवले होते.

तुझाच मामा,
एल्डन थॉर्सगार्ड