नळीचं सोवळं

लातूर, श्रावण (तिथी आईला विचारली असती, पण ती ड्युटीवर आहे)

तीर्थरूप रेणुकादासदादास,

राघवेंद्राचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, वहिनींचं बीपी आणि नांदेडचा उकाडा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आईला तू लातूरला पोचवलंस आणि रोज फोनवर विचारतोस, ती दवाखान्यात काय करून राहिली? दादा, राज्य करून राहिली!

तुला ठाऊकच आहे, मंजुश्रीच्या केमोसाठी दंडात घातलेली पहिली नळी बाधली. हुडहुडी भरून ताप, नळी काढली, औषध लांबलं. दुसरी घालताना डॉक्टरांनी बजावलं, हिला जपा, पुन्हा असं झालं तर जिवाशी गाठ आहे. नळीच्या बाहेरच्या टोकाला पोर्ट म्हणतात. औषध सोडण्याआधी दर वेळी ते स्पिरिटच्या बोळ्याने रगडून पुसायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. विशाखा सिस्टर समजावत होत्या, पुसल्यावर बोट लावायचं नाही, कशाला टेकवायचं नाही, ओलं चालायचं नाही. आईचा चेहरा असा उजळला, जणू जन्मभर शोधत असलेलं माणूस तिला या वॉर्डात भेटलं. "अगं बाई, म्हणजे सोवळंच की!"

या सोवळ्यापायी आपण काय सोसलं ते आठव. (दांडीवरच्या लुगड्याला तुझ्या पतंगाची शेपटी लागली म्हणून तुला भरल्या पंगतीतून उठवलं होतं.) मंजुश्री तर उदगीरच्या लिंगायतांची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सणाच्या दिवशी आईच्या स्वयंपाकघराचा उंबरा तिने ओलांडलेला नाही. तेच सोवळं आता तिच्या दंडावर पहाऱ्याला बसलंय. फरक एवढाच, की ओवळं सगळं जग आणि सोवळी एकटी मंजुश्री.

परवा सिस्टरांनी पोर्ट पुसलं. मला डबा आणायची घाई, म्हणून लवकर वाळावं या सद्हेतूने मी वाकून एक फुंकर मारली. आई कडाडली, "उष्टं केलंस की रे मेल्या!" सिस्टरांनी हातातली सिरिंज खाली ठेवली, नवा बोळा काढला आणि म्हणाल्या, "आज्जी, फुंकू नका म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला. उष्टं म्हणलं की कसं पटकन कळतंय बघा!" आता आख्खा वॉर्ड तेच म्हणतो. उष्टावणारा म्हणून बोट मात्र माझ्याकडे दाखवतात.

मग आमचे सासरे गुरुपादप्पा आले, चिमटीत विभूती घेऊन. लेकीच्या अंगात औषध जिथून जातं तिथंच देवाचं लावावं, हा त्यांचा विचार. लग्नापासून आई आणि ते एकमेकांशी बोललेले नाहीत. आई आडवी आली. "व्याही, कपाळ मोकळं आहे. तिथं लावा."

"बाई, देवाची विभूती हाय. तिला कसला इटाळ?"

"विभूतीला नाही. तुमच्या बोटांना."

अप्पांनी बोटांकडे पाहिलं, जाऊन हात धुतले आणि विभूती कपाळाला लावली. मग आईने, दादा, त्यांना बसायला स्टूल दिलं!

आज शेवटचा डोस झाला. तापाचं नाव नाही. श्रेय सिस्टरांचं आहे, औषधाचं आहे, हे मला कळतं. तरी जिन्यात भेटेल त्याला मी सांगत सुटलोय, ती बोळेवाली म्हातारी ना, ती आमची आई.

तुझा (ओवळा) राघवेंद्र

ता. क. : पत्राचं खरं कारण. महालक्ष्म्या यंदा नांदेडऐवजी लातूरला बसवायच्या असं आईने ठरवलंय. तुझ्या कपाटातलं तिचं सोवळ्याच्या स्वयंपाकाचं रेशमी कद घेऊन ये. (वहिनींना तू सांग. मला अजून जगायचंय.)

पुन्हा ता. क. : कद आईला स्वतःसाठी नकोय. ती म्हणते, "अंगात त्राण आलं तर मंजू पुरण घालील, नाहीतर पाटावर बसून तुम्हाला हुकूम सोडील, पण कद तीच नेसेल." हे ऐकून मंजुश्रीच्या डोळ्यांना धार लागलीय. आई म्हणून राहिली, पूस डोळे, पण त्या हाताने नको. नळी उद्या निघायचीय.