गारपीट आणि माझा अबोला

१२ एप्रिल, दुपारी

बाग गेली.

दुकान धाकट्या भावावर सोपवून जेवायला घरी आलो. पहिला घास हातात, तोच पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज. गारा! स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मागच्या अंगणात टोमॅटो आडवे. वांगी आडवी. काकडीचा वेल जाळीसकट खाली. दुधीचा मांडव तर मटकन बसलाच. मी खिडकी उघडून आभाळाकडे बघून ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.

सासरे शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "जावईबापू, चांगल्या टपोऱ्या आहेत हो. सरबतात टाकायला चार उचलून आणू का?"

मी ताट बाजूला सरकवलं. ते टेबलावरून खाली पडलं हा निव्वळ अपघात.

संकल्प: चिडायचं नाही. निसर्ग आहे, चालायचंच.

१२ एप्रिल, संध्याकाळी

चिडलेलो नाही. पण जबाबदार कोण, हे ठरायला नको?

सकाळी फोनमधलं हवामानाचं ॲप म्हणत होतं 'अंशतः ढगाळ'. काढून टाकलं. मग लक्षात आलं, काढून टाकलेल्या ॲपला वाईट शेरा देता येत नाही. पुन्हा घेतलं. एक स्टार दिला. कारणं लिहायला बसलो. मजकूर फार मोठा झालाय, असं ॲपनेच मला कळवलं. गारा कळत नाहीत, माझी अक्षरं बरोबर मोजता येतात!

सासऱ्यांचं म्हणणं, वारा फिरलाय, वर काहीतरी झाका, असं ते परवाच म्हणाले होते. म्हणाले असतील. पण पेपर वाचता वाचता, मान वर न करता म्हटलेलं कुणी मनावर घ्यायचं?

१३ एप्रिल

आमचं चष्म्यांचं दुकान. आज एका गिऱ्हाइकाने तक्त्यावरची तिसरी ओळ सपशेल चुकीची वाचली. मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, नीट दिसत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो. यावर मी त्याला जे सुनावलं तो व्यावसायिक सल्ला होता. पण तो उठून गेला आणि डोळ्यांत थेंब घालून बसवलेल्या आजी त्याच्या मागोमाग चाचपडत निघाल्या.

धाकटा मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "दादा, दोन-चार दिवस घरी आराम कर." मी सांगितलं, मी अजिबात चिडलेलो नाही. मोठ्याने सांगावं लागलं, कारण काचा घासायचं मशीन चालू होतं. धाकट्याचं म्हणणं, मशीन बंद होतं.

अवेळी घरी पोचलो म्हणून जे ऐकू नये ते ऐकू आलं. बायको फोनवर मेव्हणीशी बोलत होती. शब्द जसेच्या तसे: "सुटलो गं बाई एकदाचे! बाग गेली. घर कसं मोकळं वाटतंय."

सुटलो!

सबंध हंगामभर या घराला मी दुधी खाऊ घातला. रोज ताजा, बिनफवारणीचा. लोक अशा भाजीसाठी तडफडतात. आणि इथे सुटलो!

निर्णय: अबोला. ती सगळ्यांसमोर, आपणहून, स्पष्ट शब्दांत माफी मागत नाही तोवर तोंडातून अक्षर काढणार नाही.

१४ एप्रिल

अबोला कडकडीत पाळला. सकाळी चहा पुढे आला, घेतला, कपाकडे थंड नजरेने पाहिलं. बायको काही बोलली नाही. आतून हादरलेली दिसते.

रात्री जेवताना मीठ हवं होतं. बोटाने दाखवलं. लेकीने पुस्तकातून डोकं वर न काढता बरणी सरकवली. तीही आईच्या बाजूने.

माफी उद्या सकाळपर्यंत येईल.

१५ एप्रिल

आली नाही. त्याऐवजी कोमट पाणी आलं. माझा घसा बसलाय असा शोध सासऱ्यांनी लावला आणि बायकोने मिठाच्या गुळण्या करायला तांब्या भरून ठेवला. घसा ठणठणीत आहे, हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून गुळण्या केल्या. रागाने केल्या. बाथरूमचा आरसा पुसावा लागला.

सासरे टीव्ही बघत होते, मध्येच म्हणाले, "आज बातम्या काय सुरेख ऐकू येतायत." लेक हसली. कशाला, ते विचारता येईना. या पद्धतीत हीच मोठी अडचण आहे.

१६ एप्रिल

अतिक्रमण!!

सकाळी मागचं दार उघडलं तर टोमॅटोच्या वाफ्यावर सासऱ्यांची वेताची खुर्ची. खुर्चीत सासरे, उन्हात पाय सोडून. काकडीचा वेल होता त्या भिंतीपासून पेरूच्या फांदीपर्यंत दोरी, दोरीवर चादरी. वांगी होती तिथे लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी चटई टाकून खिदळतायत. या मुली इतके दिवस कुठे होत्या? दोन वर्षांत घरी आल्याचं आठवत नाही.

बागेचं सुतक अजून फिटलं नाही आणि हे! मी दारात उभा राहून प्रत्येकाकडे आळीपाळीने जळजळीत पाहिलं. मैत्रिणींपैकी एकीने विचारलं, काका, तुम्हाला बसायचंय का.

आता गप्प बसून भागणार नाही. म्हणजे गप्प बसूनच, पण कृती हवी. उद्या रविवार. वाफ्यांवर छप्पर घालतो. पडद्यांचे जुने पाइप आहेत, दुकानाचा जुना फ्लेक्स आहे. भक्कम, रुंद, फुकट. एकदा छप्पर झालं की खुर्ची, चादरी, मैत्रिणी सगळं आपोआप हटेल. आठवड्यात नवीन रोपं. गारांच्या बापाची टाप नाही पुन्हा वाकडं बघायची.

१७ एप्रिल, दुपारी

छप्पर उभं. एकट्याने केलं. मदत मागायला बोलावं लागलं असतं. फ्लेक्सवर भला मोठा डोळा आहे, खाली 'डोळे तपासून मिळतील'. डोळा वरच्या बाजूला ठेवला. आभाळाने बघूनच घ्यावं एकदा.

१७ एप्रिल, रात्री

वारा सुटला. गारा नाही, पाऊस नाही, नुसता वारा. छप्पर उडालं. पाइप जागेवर राहिले हे मुद्दाम नोंदवतो, म्हणजे पाया पक्का होता. फ्लेक्स तेवढा भिंतीवरून पलीकडे गेला आणि शेजारीणबाईंच्या न्हाणीघराच्या खिडकीवर जाऊन बसला. डोळा आतल्या बाजूला. त्या आत होत्या.

किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली असं म्हणतात.

बायको धावत गेली, हातापाया पडून आली. फ्लेक्सची गुंडाळी दारात ठेवली आणि म्हणाली, "अहो, निदान सॉरी म्हणायला तरी जायचंत."

आणि माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर म्हणालो, सॉरी मी म्हणू? माझी बाग मेली आणि तू बहिणीला फोन करून सुटलो म्हणतेस? म्हणूनच मी चार दिवस तुझ्याशी बोलत नाहीये!

ती म्हणाली, "बोलत नव्हतात? मला वाटलं, तुम्ही शांत झालात."

मग बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. म्हणाली, "बागेतून नाही हो सुटलो. एक पान पिवळं पडलं की घरात सगळ्यांची चौकशी. पाइप कुणी हलवला, झारी कुणी घेतली. माझ्या अप्पांनी दोन वर्षं अंगणात ऊन घेतलं नाही. ही पोरगी मैत्रिणींना घरी आणायची नाही, कुणाचा हात वेलाला लागला तर तुम्ही काय बोलाल म्हणून. आणि दुधी? सगळा खाल्ला आम्ही. तुम्ही इतक्या हौसेने तोडून आणायचात. कुणी एकदा तरी नको म्हटलं का?"

हे सगळं मुद्द्याला सोडून होतं. तसं सांगण्यासाठी लेकीकडे पाहिलं. तिची मान खाली. सासऱ्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मीच करून दिलेला चष्मा.

उत्तर तयार होतं. उद्या देईन.

१९ एप्रिल

उत्तरावर काम चालू आहे. शेजारीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी दार साखळी लावूनच उघडलं. म्हणाल्या, असू दे.

दुकानात गेलो. धाकट्याने मला नुसतं बिलं करायला बसवलं.

२१ एप्रिल

सकाळी फावडं घेऊन मागे गेलो. ठाम ठरवलं होतं, आज खणायचंच. पण तिथे अख्खं घर बसलेलं, चहा चाललेला. फावडं घालायला रिकामी जागाच नाही. बायकोने कप दिला. फावडं टेकवून उभा राहिलो, देखरेखीसाठी. मग पाय दुखले म्हणून कठड्यावर टेकलो.

सासऱ्यांनी विषय काढला. इथे फरशी घालून घेऊ, पावसात चिखल होतो. ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. मी तीव्र विरोध नोंदवण्यासाठी ताबडतोब हात वर केला. तो होकार म्हणून मोजला. लेक तर टाळ्याच वाजवायला लागली. इतकी खूश झालेली पाहून हात खाली घ्यायचं राहूनच गेलं.

मी संतापलेलो आहे. घरात लोकशाहीच्या नावाखाली काय चाललंय! सगळ्यांना राखाडी फरशी हवी आहे. राखाडीवर डाग दिसत नाहीत म्हणे. मी घसा फोडून सांगतोय, फिकट निळी घ्या, उन्हात डोळ्यांना त्रास होत नाही, माझा धंदाच आहे तो. कुणी ऐकायला तयार नाही.

राखाडी येतेय. शनिवारी. दुकानातून लवकर ये, फरशीवाल्याला दार उघडायला कुणीतरी हवं, असं मला सांगण्यात आलं आहे.