कडता वजा जाता

रविवार, १४ जून १९५९. नळदुर्ग.
काल सोलापूरला दवाखान्यात जाऊन आलो. बेंबीपाशी जो फुगवटा आलाय त्याला अंतर्गळ म्हणतात. पोटाची भिंत फाटलीय आणि आतडं बाहेर डोकावतंय. शी! स्वतःचं आतडं असं वाकून बाहेर बघतंय, ही कल्पनाच किळसवाणी. सकाळपासून तिकडं बघितलं नाही.

डॉक्टरनं काट्यावर उभं केलं. दोनशे चौदा पौंड. म्हणाला, एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत, पंचवीस पौंड उतरवा आणि १४ सप्टेंबरला या, मग ऑपरेशन करू. मधल्या काळात आतडं अडकलं तर आठ-दहा तासांत खेळ खलास. हे हसत सांगितलं. प्रमोदिनी शेजारीच उभी होती, तिचं तोंड पांढरं पडलं. कुणाच्या बायकोसमोर काय बोलावं एवढीही अक्कल या लोकांना शिकवत नाहीत.

संकल्प. उद्यापासून भात बंद, तूप बंद, गोड बंद. दोन वेळा एकेक भाकरी. लिहून ठेवलं म्हणजे फिरवता येणार नाही.

तसं बघितलं तर पोट उघडणारच आहेत. चरबी हाताशीच असणार. तेवढी काढून टाकायला काय होतं? शिंपी नाही का जादा कापड कापत. हा मुद्दा डॉक्टरला सुचला नसावा.

सोमवार, १५ जून.
उकडलेला दुधी. बिनमिठाचा. शेंबूड खाल्ल्यासारखं झालं. तीन घास कसेबसे उतरले. शाळेत पाचवीला अपूर्णांक होते. फळ्यावर पाव काढला तर भाकरीचा तुकडा दिसायला लागला. तास लवकर सोडला.
संध्याकाळी अशक्तपणा फार. थोडा तूपभात घेतला. औषध म्हणून.

रविवार, २१ जून.
नळदुर्गात माणसं तोलायचा काटा नाही. ट्रक हजारो जातात, माणसाचं वजन विचारायची सोय नाही. शेवटी धोंडप्पाच्या अडत दुकानात गेलो. त्याचा तोलार बिरू म्हातारा, तीस वर्षं पोती तोलतोय. त्यानं मला मालाच्या पारड्यात बसवलं. पारड्यात तुरीची टरफलं आणि उंदराच्या लेंड्या. अख्खा बाजार माझ्याकडं बघत होता. धोंडप्पा मुनीमाला कानडीत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. होट्टे म्हणजे पोट, एवढं कानडी मला कळतं.

दोन मण चोवीस शेर. मण चाळीस शेरांचा, शेर दोन पौंडांहून किंचित जास्त. म्हणजे दोनशे चौदा पौंड बरोबर जुळतात. पंचवीस पौंड म्हणजे बारा शेर. दोन मण बारा शेरांवर उतरलो की झालं. गणिताचा मास्तर असल्याचा हा फायदा. दुसरा कुणी असता तर घोटाळा करून बसला असता.

बुधवार, १ जुलै.
प्रमोदिनीनं कुणाचं तरी ऐकून सकाळी कारल्याचा रस सुरू केला. हिरवा, फेसाळ, गटारात साबण सांडल्यासारखा. नाक दाबून घेतला. तासाभरानं परत आला. ती म्हणाली, जीव वाचतोय ना, मग प्या. आता माझ्या भाकऱ्याही मोजते. नवऱ्याच्या ताटावर एवढी नजर कुठल्या बायकोनं ठेवली नसेल.
बंडप्पाच्या हॉटेलात भजी. चार. रसाची चव जावी म्हणून.

रविवार, १९ जुलै.
दोन मण वीस शेर!! चार शेर उतरलो. बिरूला दोनदा विचारलं. म्हणाला, व्हय मास्तर, दोन मण ईस.

आणि या महिन्यात काय काय झालं ते बघावं. घरी आखाड तळला. पुऱ्या, कडाकण्या. सण आहे, खाल्लं नाही तर देवीचा कोप. तीन पुऱ्या चाखल्या. फार तर नऊ. तरी उतरलो. याचा अर्थ माझी प्रकृती वेगळी आहे, तिला तळलेलं मानवतं. डॉक्टरला हे सांगायला पाहिजे.
भर पावसात भिजत गेलो, भिजत घरी आलो, पण तसल्ली वाटली. प्रमोदिनी म्हणाली, पोट तर तेवढंच दिसतंय. बायकांना आकड्यातलं काही कळत नाही.

रविवार, १६ ऑगस्ट.
दोन मण सोळा शेर. आठ शेर गेले. कारल्याचा रस बंद केला. वजन आपसूक उतरतंय तर ती घाण कशाला? श्रावणातले शुक्रवार आहेत, पुरण असतंच. कोटाची मधली दोन बटणं लागत नाहीत. धोब्यानं कोट आटवला. कमबख्ताला धुलाईचे पैसे द्यायलाच नको होते.

पूजेला वाकलो तेव्हा फुगवटा जरा ठणकला. पाठीवर पडून दाबला, गेला आत. हाताला गिळगिळीत लागतं. प्रमोदिनीला बोललो नाही, नाहक रडारड होते.

रविवार, १३ सप्टेंबर.
दोन मण बारा शेर! बरोबर बारा. ना एक कमी ना एक जास्त. धोंडप्पानं स्वतः चहा पाजला. शाळेत हेडमास्तरांना सांगितलं की इच्छाशक्ती असली की सगळं होतं. त्यांनी माझ्याकडं खालून वर बघितलं आणि विडी पेटवली. त्यांच्याच्यानं स्वतःची विडी सुटत नाही, त्यांना झोंबणारच.
उद्या सोलापूर. प्रमोदिनीनं दवाखान्यात राहायची पिशवी भरली. देवीपुढं बसून राहिलीय.

मंगळवार, १५ सप्टेंबर.
लिहायची इच्छा नाही. दोनशे एकोणीस पौंड.
मी म्हटलं, काटा बिघडलाय. डॉक्टर स्वतः उभा राहिला, मग नर्स उभी राहिली. त्यांचं बरोबर आलं. मी एकटाच चुकीचा. म्हणाला, पाच पौंड वाढवून आणलेत, आता तीस उतरवा आणि मग तोंड दाखवा. अख्ख्या वॉर्डासमोर. मग फुगवटा बोटानं दाबून बघितला आणि हसायचा थांबला. ते मला आवडलं नाही.
मोटारीत प्रमोदिनी खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर तशीच भरलेली. नळदुर्गाला उतरल्यावर म्हणाली, आता अडकलं तर मी काय करू? मी म्हटलं, आधी धोंडप्पाला बघतो.

बुधवार, १६ सप्टेंबर.
दुकानात गेलो आणि काट्यावर हात आपटला. म्हटलं, तुमचा काटा खोटा आहे. बिरूला लागलं ते. म्हणाला, मास्तर, काटा देवाचा हाय, खोटा न्हाय. परवाच्याला तुमी दोन मण सव्वीस भरला हुता. मी विचारलं, मग बारा कसे सांगितलेस? तर म्हणे, कडता कापून.

कडता! पोत्यातली माती, ओल, बारदान यांच्यापोटी अडतवाला वजनातनं जो कापतो तो कडता! उन्हाळ्यात माल सुका असतो म्हणून जूनमध्ये काही कापलं नाही. मग पाऊस लागला. जुलैत कापला, ऑगस्टात वाढवला. सप्टेंबरचा भाव मणाला सहा शेर ओलीचे, म्हणजे दोन मणांचे बारा, वर धोतर-कोटाच्या बारदानाचे दोन. चौदा शेर झाले. आणि तुमी भिजूनच येत हुता की, असं वर मलाच सांगतो. कडता वजा केल्याबगर आमच्यात तोल सांगत न्हाईत.

धोंडप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग म्हणाला, मास्तर, बाजारात सगळ्यांनाच ठावं हाय, तुमाला ठावं न्हाय?
मला ठावं होतं. गेल्याच वर्षी सातवीला मी कडत्याची उदाहरणं घातली होती. बारा शेर ऐकल्यावर मला पुढं काही विचारावंसंच वाटलं नाही. शी.

शुक्रवार, १८ सप्टेंबर.
नवा संकल्प, कडक. फक्त ताक आणि एक भाकरी. तीस पौंड म्हणजे काही डोंगर नाही.
आजपासून पितृपक्ष. गावात ब्राह्मणांची घरं तीन. त्यातला एक दम्यानं आजारी, एक लातूरला, उरलो मी. श्राद्धाचं पहिलं आमंत्रण आलं. जाऊन नुसतं बसायचं, आपोष्णी घेऊन उठायचं.

सोमवार, २१ सप्टेंबर.
उठता आलं नाही. वाढणारा म्हणतो, मास्तर, तुम्ही जेवला नाहीत तर आमचे वडील उपाशी राहतील. मेलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं पाप मी का घ्यावं? चार दिवसांत तीन श्राद्धं. तांदळाची खीर, वडे, पुन्हा खीर. बोटांना चिकटलेलं तूप धुतलं तरी जात नाही. स्वतःचा वीट आला. प्रमोदिनीला सांगितलं, काही खाल्लं नाही. तिनं माझ्या मिशीवरचं खिरीचं शीत काढलं आणि आत गेली.

शुक्रवार, २५ सप्टेंबर.
बाबूरावांच्या वडिलांचं श्राद्ध. लाडू होते. डॉक्टरचं तोंड आठवलं आणि रागानं सात खाल्ले.

शनिवार, २६ सप्टेंबर. सकाळी ७.
पोट दुखतंय. वायू. ओवा घेतला.
८. फुगवटा आत जात नाही. दगडासारखा लागतो. वायूच असणार.
९. उलटी. हिरवी. प्रमोदिनीला सांगितलं. ती अनवाणी सडकेकडं धावत गेली.

रविवार, ४ ऑक्टोबर. सोलापूर, दवाखाना.
आज पेन धरता येतंय.
त्या दिवशी तिनं सडकेच्या मधोमध उभं राहून ट्रक थांबवला. ट्रक कातड्यांचा होता. मला ओल्या कातड्यांवर आडवं केलं. असला वास मी जन्मात घेतला नाही, आणि आता जन्मभर जाणार नाही. सोलापूरपर्यंत तिनं माझं डोकं मांडीवर धरलं होतं. तीच काय ते बोलत होती, ट्रकवाल्याला, देवीला, मला. डॉक्टर म्हणाला, आणखी तासभर उशीर झाला असता तर इथं आणायची गरज नव्हती. वीतभर आतडं काळं पडलं होतं, कापून टाकलं.

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न मी विचारला, चरबी किती पौंड काढली? तो म्हणाला, एक तोळा नाही, ती बाजूला सारण्यातच अर्धा तास गेला. एवढं पोट उघडलं आणि काहीच नाही काढलं. माझा तर विश्वास बसेना.
नाकातनं नळी. नळीतनं बाटलीत काहीतरी करड्या रंगाचं पडत होतं. ते माझ्यातलं. एनिमाचं मी इथं लिहिणार नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर.
भाताची पेज. पतंग चिकटवायच्या खळीची बहीण. शेजारच्या खाटेवर जळकोटचा महांतप्पा, पायाचं हाड मोडलेला. दिवसभर शिळी भाकरी आणि लसणाची चटणी चावतो, ढेकर देतो, बोटं चाटतो. बघवत नाही. दुपारी त्यानं कोर पुढं केली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.
प्रमोदिनी खाटेखाली चटईवर झोपते. फार वाळलीय. हिला कसं जमतं कळत नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर. नळदुर्ग.
घरी. डॉक्टरच्या सूचना: खोकायचं नाही, घागर उचलायची नाही, वजन उतरवायचं. नाहीतर टाके सुटतील, आणि पुन्हा कापायला आता मागच्याइतकी जागा उरलेली नाही. पोट बघितलं. तेच पोट, मधे शिवण. गोणपाट दाभणानं शिवावं तसं.
संकल्प: या वेळेस मनापासून. मरण बघून आलोय मी.

रविवार, १ नोव्हेंबर.
दिवाळी. करंजी आत पोकळच असते, तिचं काय वजन. शेव पण हवेनं भरलेली. प्रमोदिनीनं डब्याला कुलूप लावलं. किल्ली तुळशीत सापडली.

रविवार, १५ नोव्हेंबर.
थंडी पडली. खोकला लागला. तळकट खाल्ल्यानं नाही, थंडीनं. प्रमोदिनी विचारते, डबा हलका कसा लागतो? मी म्हटलं, उंदीर.

रविवार, २२ नोव्हेंबर. दुपार.
सकाळी अंघोळीला बसलो आणि खोकल्याची उबळ आली. शिवणीच्या खालच्या टोकाला काहीतरी बाहेर आलं. बोटानं दाबलं की आत जातं, सोडलं की येतं. तीनदा करून बघितलं. वायू नाही.

अंग पुसलं, कपडे घातले, पानावर बसलो. वांग्याची भाजी, गरम भाकरी. प्रमोदिनीला सांगितलं नाही. पण घास तोंडाकडं जाईना. पाच महिने, काही खाल्लं नाही, असं हिला खोटं सांगत आलो आणि आज खरोखरच खाववेना. भीती वाटते. लई भीती वाटते. एवढ्या वह्या भरल्या आणि हे एक वाक्य लिहायला आज सुचलं.

म्हटलं, भूक नाही.
तिनं माझं ताट ओढून घेतलं. भाकरी परत टोपलीत ठेवली. मग माझ्या पोटाकडं बघून हळूच म्हणाली, परत आलं ना?
हो म्हटलं. ती पिशवी भरायला उठली.