नागपूरपर्यंत पुरेल इतका उजेड

५ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.
सायली काल बाळंतपणाला माहेरी आली. तारीख वीस डिसेंबर. डॉक्टरीणबाई नागपूरच्या. जावई सौरभ पुण्यात, सुट्टी ऐन वेळेवर मिळणार. म्हणजे सौसरहून नागपूरपर्यंत पोरीला सुखरूप पोहोचवायचं काम माझं. जेवताना जाहीर केलं, कितीही वाजता दुखू दे, गाडी मीच चालवणार. सायली तिच्या आईकडे पाहून राहिली. गहिवरली असावी.
एकच अडचण. गाडीचे हेडलाईट कमजोर झाले. सूर्य बुडाला की रस्ता धुरकट दिसतो. गाडी चौदा वर्षांची, काचा पिवळ्या पडल्या, दुसरं काय! मेकॅनिककडे जाणार नाही. तीस वर्षं पटवारी होतो, अख्ख्या तहसीलची शेतं मोजली. दोन लाईट म्हणजे काय चीज आहे!

७ नोव्हेंबर, गुरुवार
काचा टूथपेस्टनं घासल्या. आरशासारख्या झाल्या. सुचिता म्हणे, काचा झाल्या, आता तुमचे डोळेही दाखवून या, उद्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येऊन राहिले. बायको आहे म्हणून ऐकून घेतलं. ह्या डोळ्यांनी मी हातभर सरकवलेले बांध पकडले आहेत.
संध्याकाळी जामसांवलीपर्यंत ट्रायल. फरक शून्य. समोरच्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती गोल कडं, चंद्राला खळं पडतं तसं. आजकाल लोक काय काय लाईट लावून राहिले बाप्पा. सरकारचं लक्ष नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
पांढुर्ण्याला गुणवंताच्या दुकानातून जास्त वॅटचे बल्ब आणले. गुणवंता म्हणे, भाऊ, ह्याला वेगळी वायरिंग लागते, घरी नका करू. दुकानदार असंच बोलतात. अर्ध्या तासात बसवले.
सायलीला म्हटलं, चल, एक चक्कर मारून आणतो. पण तिचे पाय दुखून राहिले होते म्हणे.

११ नोव्हेंबर, सोमवार
वास येत होता. होल्डर वितळला. बल्बमध्ये दोष.

१६ नोव्हेंबर, शनिवार
एलईडी लावले. पांढरेशुभ्र. जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेतलं, अंधार पडायची वाट पाहिली आणि निघालो. रस्ता अजून धुरकट, पण आता पांढरा धुरकट. ही प्रगती आहे.
वळणावर रस्त्याच्या मधोमध पोतं पडलेलं दिसलं. लोकांना काही अक्कल नाही. मी शिताफीनं बाजूनं काढली. पोतं उठून उभं राहिलं आणि शिव्या द्यायला लागलं. सायकलची चेन बसवत होता म्हणे. रस्त्यात बसून कोणी चेन बसवते काय? वीतभर अंतर राहिलं असेल.
घरी सांगितलं नाही. सायलीला अशा दिवसात भलतंसलतं ऐकवू नये.

१७ नोव्हेंबर, रविवार
झोप लागली नाही. विचार केला. उजेड कमी पडतो हेच खरं कारण. आणखी पाहिजे.

२४ नोव्हेंबर, रविवार
मोठं ऑपरेशन. दोन्ही हेडलाईट गाडीतून काढून अंगणात घेतले. आत प्रोजेक्टर भिंग बसवायचं, म्हणजे समोरची काच उघडावी लागते. ती डिंकानं पक्की असते, गरम केल्याशिवाय निघत नाही. मोबाईलवर पाहिलं होतं. सायलीचा हेअर ड्रायर दोन तास चालवला. पहिली काच निघाली. दुसरीच्या वेळी ड्रायर गेला. मग कढईत पाणी उकळून वाफ दिली. काचेला तडा गेला, बारीक आहे. भिंग बसवलं, एम-सील लावून बंद केलं. कंपनीवाल्यांना जमलं नसतं.
सुचिता म्हणे, वीस डिसेंबरला हेच घेऊन जाणार का तुम्ही तिला? हो म्हटलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
गाडी धुतली. डाव्या लाईटमध्ये पाणी. थेंब आतून वर चढतात आणि खाली उतरतात. उन्हात ठेवलं.
उजेडाची उंची ठरवायला शेजारच्या राजूच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. राजू शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो, मला काका म्हणतो. तो म्हणे, काका, डावा लाईट माझ्या बेडरूमच्या खिडकीत जाऊन राहिला. त्याला म्हटलं, तुझी भिंतच वाकडी आहे. मोजणीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

१ डिसेंबर, रविवार
रामाकोन्याला जाऊन आलो, एकटाच. सायली अंधार पडल्यावर माझ्या गाडीत बसत नाही. मळमळते म्हणे.
नवे लाईट गाजून राहिले. समोरून येणारा प्रत्येक जण लाईट खालीवर करून डिपर देतो. कौतुकच आहे ते. एक मोटरसायकलवाला तर पाहण्याच्या नादात सरळ कपाशीत उतरला. आरशात पाहिलं, उठला की नाही ते दिसलं नाही. थांबणार होतो, पण मागे ट्रक होता. तरुण पोरगा होता, उठलाच असेल.

२ डिसेंबर, सोमवार
पेपर पूर्ण वाचला. अपघाताची काही बातमी नाही. पेपरवाले हल्ली अक्षरं फार पुसट छापून राहिले, सुचिताकडून एकदा वाचून घेतलं. तिनं विचारलं, कोणती बातमी शोधून राहिले? हवामानाची म्हटलं.

८ डिसेंबर, रविवार, रात्री
संध्याकाळी गाडी आत घेताना फाटकाचा खांब पाडला. म्हणजे खांब जुना होता, पडणारच होता. बंपरला थोडं लागलं. सायली खांबाशेजारून पोट धरून बाजूला पळाली. म्हणाली, बाबा, मी इथं तुळशीला दिवा लावून उभी होते. ती नेहमी तिथंच उभी असते. मला दिसली नाही, कारण लाईट इतके जोरदार आहेत की पांढऱ्या खांबापुढे पांढरा गाऊन उमटतच नाही. रंगाचा दोष. उद्यापासून तिनं गडद रंग घालावा, असं सांगितलं.
कोणी जेवलं नाही.

११ डिसेंबर, बुधवार
सुचिता, सायली आणि राजू ओट्यावर हळू आवाजात बोलून राहिले होते. मी गेलो तर गप्प. राजू म्हणे, काही नाही काका, संत्र्याचा भाव विचारून राहिलो होतो. माझ्यासाठी काहीतरी ठरवून राहिले, हे मला समजलं. फेटा-शाल असेल. आजोबा होणार म्हणून.

१४ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी ५.४०
सायलीला कळा सुरू! सहा दिवस आधी! मी किल्ली घेऊन बाहेर आलो तर राजूची व्हॅन फाटकात उभी. आत गादी अंथरलेली, बॅग ठेवलेली, पाण्याची बाटली भरलेली. दोन मिनिटांत एवढी तयारी! सायली सरळ व्हॅनमध्ये जाऊन झोपली. म्हणाली, बाबा, तुम्ही घरी थांबा. सुचिता तिच्याशेजारी बसली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
घरी थांबणारा बाप मी नाही. मागून एस्कॉर्ट देतो. रस्ता उजळून टाकतो. डॉक्टरीणबाईकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? डिकीत संत्र्याची चार कॅरेट टाकली. निघालो.

तोच दिवस, ७.१५, लोधीखेड्याच्या अलीकडे
रस्त्याच्या कडेला गाडीत बसून लिहून राहिलो.
व्हॅनच्या मागे लागलो तेव्हा अंधार पडला होता. राजूनं खिडकीतून हात काढून हलवला. जवळ या, असा अर्थ घेतला. जवळ गेलो. त्यानं आणखी जोरात हलवला. आणखी जवळ गेलो. मग व्हॅन डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि दोन चाकं रस्ता सोडून पुलाच्या कठड्याला घासत थांबली. आतून सायली ओरडली. तो आवाज अजून कानात आहे.
राजू उतरला. म्हणे, काका, मागचं वजन पाहा तुमचं, गाडी बसली आणि लाईट वर उठले. आरशात नुसतं पांढरं. मले रस्ताच दिसून नाही राहिला. आत तुमची पोरगी आहे हो!
मी काही बोलणार होतो. संत्र्याचं वजन धरून उंची मोजली नव्हती, हे एक. डाव्या लाईटमध्ये पाणी, हे दुसरं. पण सायलीनं खिडकीतून दोन्ही हात जोडले. म्हणाली, बाबा, पाया पडते, मागे येऊ नका.
व्हॅन गेली. तिचे मागचे लाल दिवे आधी दोन होते, मग चार दिसले, मग सगळा एकच लाल डाग झाला.
मी हेडलाईट बंद केले. काही दिसत नाही. चालू केले. काही दिसत नाही. पुढं जाता येत नाही आणि मागं वळवता येत नाही. सुचिताचा फोन लागत नाही. ट्रक गेला की गाडी हलते. पोरीला काही झालं तर, हा विचार आला. तो येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. पुन्हा आला. लय भीती वाटून राहिली.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी १०, नागपूर
उजाडल्यावर गाडी तिथंच ठेवून बसनं आलो. मुलगा झाला. दोघंही बरे. देवा, तुझे उपकार.
सायली थकली होती. तरी तिनं स्वतःच बाळ माझ्या हातात दिलं, पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं. मी डोळे भरून पाहिलं. म्हटलं, नाक अगदी माझं, हनुवटी सौरभची.
सायली रडायला लागली. सुचितानं माझा हात धरून हळूच दुसऱ्या बाजूला नेला. म्हणाली, अहो, ते पाय आहेत. डोकं इकडं आहे.
खोलीत अंधार फार होता. दिवे लावायला सांगितलं. नर्स म्हणाली, चारही ट्यूब चालू आहेत काका, आणि खिडकीत ऊन आहे.