ओल्या चादरींवर बदली

२ जून

चि. भटक्यास अनेक आशीर्वाद.

हर्नियाचे टाके सुकले. सहा आठवड्यांची रजा संपवून मी हॉटेलच्या लाँड्रीत हजर झाले. बघते तर माझं इस्त्रीचं टेबल दुसरीला, आणि मी ओल्या चादरींवर! मशीनमधून निघालेली ती जड गाठोडी उचलायची. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर आमचा कडक कॉलरवाला सुपरवायझर म्हणाला, कामाची गरज आहे. मी सरळ तक्रार दिली. पुढच्या शुक्रवारी मॅनेजरबाईंपुढे सुनावणी आहे.

आता तुझा प्रताप ऐक. नव्या घराचा पत्ता तीनदा कळवला, तरी रजेतलं पत्र तू लाँड्रीवर धाडलंस. ते सुपरवायझरने फोडलं. दुखणं-बिखणं सगळं नाटक, चल डोंगर चढू, असं लिहिलंयस ना? तेच आता तो माझ्याविरुद्ध वाचणार आहे, लाँड्रीभर सांगत फिरतोय. तुझी होते गंमत आणि माझी नोकरी जाते.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

५ जून

ती. ताईस कान धरून सा. न. वि. वि.

सध्या मी होड्या रंगवतो. बुडाला आधी डांबर मारतात, का माहीत आहे? असू दे, भरकटलो. नवा पत्ता मी बुटांच्या खोक्यावर लिहिला होता आणि खोका एका मांजरीला बाळंतपणासाठी दिला. चार पिल्लं झाली, त्यातल्या एकाला शेपटीच... पुन्हा भरकटलो.

चूक शंभर टक्के माझी. मॅनेजरबाईंच्या नावे अर्ज जोडलाय, की पत्र चेष्टेचं होतं, तुझं ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बसून बिस्किटांचे दोन पुडे संपवले, नर्सला विचारा. दहावी नापासाचा अर्ज चालतो का? नसेल तर स्वतः येतो. पण माघार घेऊ नकोस. माझ्या वाटचा मार खाऊनही तू कधी रडली नाहीस, या कॉलरला काय भीक घालतेस!

रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा भटक्या

१२ जून

चि. भटक्यास आशीर्वाद.

अर्ज पिशवीतच राहिला. सुपरवायझरने तुझं पत्र हातवारे करून वाचलं. बाईंनी विचारलं, हे मिळालं कधी? तो छाती फुगवून म्हणाला, ही रजेवर असतानाच. तेव्हाच ठरवलं, आली की ओल्या चादरींवर घालायची, नाटक आपोआप उतरेल. मी म्हटलं, मग ती कामाची गरज कुठे गेली? बाईंनी चष्मा काढून त्याला विचारलं, दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडायला कोणी सांगितलं होतं. कॉलरवाल्याने पत्राची घडी करून टेबलावर ठेवली.

टेबल परत मिळालं. तीन महिने वजन उचलायचं नाही, हे लेखी घेतलं. तू धांदरट आहेस म्हणून वाचले, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही, तूही डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

आज डब्याच्या सुट्टीत धुलाईवाली जवळ आली. दोन वर्षं दुखरा गुडघा धरून उभी आहे, रजा मागायला घाबरत होती. तिचा अर्ज आत्ताच लिहून दिला. मागे आणखी दोघी थांबल्यात, म्हणून आटोपतं घेते.

आहेस तिथे सुखी राहा, आमची आठवण ठेव.

तुझी ताई